गीताखालचं नाव खोडू नका

नवीन गीतसंग्रह समितीचे अध्यक्ष आणि सर्व सभासद यांना,

सप्रेम सलाम.

फेब्रुवारीतल्या दुसऱ्या रविवारी चर्चमधली उपासना संपल्यावर आपण समितीचं पत्रक वाचून दाखवलंत. बाहेर चहा निवत होता, पोरं दाराशी चुळबुळत होती, त्यामुळे कुणी फारसं कान देऊन ऐकलं नाही. मी एक प्रत मागून घेतली आणि घरी येऊन चार वेळा वाचली. तिच्यात चार गोष्टी आहेत. जुन्या पुस्तकातली निम्म्याहून जास्त गीतं गळणार. सांत्वन आणि दफनविधीच्या गीतांचा वेगळा विभाग राहणार नाही. त्यातली पाच-सहा निवडक गीतं ‘आशा’ या मथळ्याखाली जाणार. ‘नकारात्मक’ शब्द बदलणार. आणि गीताखाली कवीचं, भाषांतर करणाऱ्याचं, चाल बांधणाऱ्याचं नाव छापणार नाही, कारण उपासनेत गीतं दाखवतात त्या पडद्यावर जागा पुरत नाही.

सूचना पंधरा दिवसांत लेखी द्या, असं पत्रकात होतं. मी नवव्या दिवशी दिली. पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. दोन महिने वाट पाहिली. आता पुस्तक छापायला जायच्या बेतात आहे असं कळलं, म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. मनात राग आहे, पण भांडण नाही. समितीतले तिघे माझ्याच संडेस्कूलमध्ये शिकलेले आहेत.

माझा या गोष्टीशी काय संबंध, ते आधी सांगते. माझे वडील नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे तिथल्या चर्चमध्ये, एकोणतीस वर्षं पेटी वाजवायचे. त्याचा पगार नव्हता. सुगीला कुणी पायलीभर बाजरी आणून टाकायचं, तेवढंच. त्यांचं ‘उपासना संगीत’ हे गीतांचं जुनं पुस्तक माझ्याकडे आहे. पुठ्ठा कधीच गेला. आईनं जुन्या खाकी पँटच्या कापडाचं कव्हर शिवलं, तेही आता कोपऱ्यांना विरलंय. पुस्तक हातात घेतलं की आपोआप दफनविधीच्या पानांवर उघडतं, कारण तीच पानं सगळ्यात जास्त उलटलेली. त्या पानांच्या समासात वडिलांच्या पेन्सिलीच्या नोंदी आहेत. एखादं गीत कुणाच्या मातीला म्हटलं, ते. ‘यमुनाआक्का, पावसात.’ ‘मास्तरांचा धाकटा.’ ‘स्टेशनवरचा अनोळखी, आम्ही चौघेच.’ एका गीताशेजारी अकरा नावं आहेत. एका ठिकाणी नुसतं ‘बा’. ते माझे आजोबा. तिथे पेन्सिल जरा जास्त दाबली गेली आहे, पानाच्या मागून हात फिरवला तर कळतं.

गीताच्या खाली लिहिणाऱ्याचं नाव छापलेलं आणि बाजूला गेलेल्याचं नाव हातानं लिहिलेलं. मधे गीत. लहानपणापासून मी गीत असंच पाहत आले.

दुसरा संबंध गेल्या जूनचा. माझे यजमान गेले. कबरस्तानात तरुण संघाची मुलं वेळेवर हजर होती, खड्ड्याशी हात लावायलाही पुढे होती, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण माती लोटायची वेळ आली तेव्हा गीत कुणालाच पाठ नव्हतं आणि पुस्तक कुणी आणलं नव्हतं. एका मुलानं मोबाईलवर व्हिडिओ लावला आणि छोटा स्पीकर मातीच्या ढिगाऱ्यावर ठेवला. दोन कडवी झाली. मग जाहिरात लागली. गृहकर्जाची. ‘तुमच्या स्वप्नातलं घर आता तुमच्या हाताशी.’ फावडी जागच्या जागी थांबली. यजमान असते तर पोट धरून हसले असते, त्यांचा स्वभावच तसा होता. मला तेव्हा हसू आलं नाही. त्या पोराला रडू कोसळलं, मीच त्याला जवळ घेतलं. चूक त्याची नव्हतीच. त्याला ते गीत आम्ही कधी शिकवलंच नाही.

आता माझ्या तक्रारी.

पहिली, नावांची. हीच मला सगळ्यात जास्त लागली आहे, म्हणून जरा लांबण लागेल.

मी एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. पाठ्यपुस्तकात ‘केवढे हे क्रौर्य!’ होती. बाण लागलेली ती पक्षीण, पडत-उठत पिलांकडे निघालेली. वर्गात कितीतरी पोरींचे डोळे भरून यायचे. परीक्षेत प्रश्न असायचा, कवीचे नाव लिहा. एक गुण. हिंदू, मुसलमान, बौद्ध, जैन, सगळ्या घरांतली पोरं लिहायची: रेव्हरंड नारायण वामन टिळक. सरकारी पुस्तकाला त्या नावासाठी जागा सापडते आणि ज्या मंडळ्यांसाठी टिळकांनी आयुष्य झिजवलं त्यांच्या पुस्तकाला सापडत नाही?

टिळक कोकणातल्या करजगावचे. त्यांचा बाप्तिस्मा मुंबईत १० फेब्रुवारी १८९५ रोजी झाला. त्यापायी घर फुटलं, नातेवाईक तुटले, लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन कित्येक वर्षं वेगळ्या राहिल्या. पुढे त्या आल्या त्या नवऱ्यामागून मुकाट्यानं आल्या नाहीत, स्वतः विचार करून, भांडून, पटल्यावर आल्या. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला हे सांगायला नको. टिळक ९ मे १९१९ रोजी गेले तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तावरचं महाकाव्य अपुरं होतं. ज्या बाईला त्यांनी हाताला धरून अक्षरं गिरवायला लावली, तिनं उरलेले अध्याय लिहून तो ग्रंथ पुरा केला. अशा माणसांच्या पदाखालचं नाव पुसायचं आणि कारण काय, तर पडदा लहान आहे.

आणि कोणत्या मुलखात बसून आपण हे ठरवतोय? इथे अभंगातच कवी उभा असतो. तुका म्हणे, नामा म्हणे, जनी म्हणे. गाणाऱ्याला ते नाव उच्चारल्याशिवाय शेवटचं कडवं म्हणताच येत नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं टिळक म्हणत, ते ही रीत जाणूनच आले असणार. इंग्रजीतून आलेल्या गीतांत मात्र नाव आत विणलेलं नसतं. ते खाली बारीक अक्षरात असतं. ते काढलं की काही उरत नाही.

नाव गेलं की काय होतं त्याचा दाखला आपल्याच पुस्तकात आहे. ‘व्हॉट अ फ्रेंड वुई हॅव इन जीझस’ हे गीत आपण मराठीत लहानपणापासून गातो. ते जोसेफ स्क्रिव्हन या आयरिश माणसाचं. लग्नाच्या आदल्या दिवशी त्याची वाग्दत्त वधू बुडून मेली. तो कॅनडात गेला, तिथे पुन्हा लग्न ठरलं, तीही आजारपणात गेली. पुढे तो पोर्ट होपच्या परिसरात एकटाच राहिला. ज्या विधवांना आणि आजाऱ्यांना मजुरी परवडत नाही त्यांची लाकडं फोडून द्यायचा, पैसे घ्यायचा नाही. पैसे देणाऱ्याकडे कामाला जायचा नाही म्हणून लोक हसायचे. १८५५ साली आयर्लंडमध्ये आईवर दुःखाचा प्रसंग आला, त्याला जाता येईना, म्हणून त्यानं या ओळी लिहून धाडल्या. छापायला म्हणून लिहिल्याच नव्हत्या. त्या निनावी छापल्या गेल्या, आणि निनावी गीताला लोक जवळचं मोठं नाव चिकटवतात तसं इथेही झालं: ते स्कॉटलंडचे नामवंत गीतकार होरेशियस बोनर यांचं समजलं जाऊ लागलं. वर्षानुवर्षं जगभर गीत गाजत होतं आणि लिहिणारा लाकडं फोडत होता. आजारपणात उशाशी बसलेल्या शेजाऱ्याला कागद सापडला, त्यानं विचारलं, हे तुम्ही लिहिलं? स्क्रिव्हन म्हणाला, मी आणि प्रभूनं मिळून. १८८६ साली राइस लेकजवळ तोही पाण्यात मृत सापडला. तोल गेला की स्वतःच गेला, हे कुणाला कळलं नाही.

‘सगळी दुःखं प्रार्थनेत ने’ असं सांगणारा माणूस हा होता. हे कळल्यावर ते गीत तोंडात वेगळं लागतं की नाही, तुम्हीच सांगा. नाव नसेल तर एखादं पोर हे शोधणार तरी कशाच्या आधारानं?

नावं झाकायची युक्ती तशी जुनीच आहे. न्यूयॉर्ककडची फॅनी क्रॉस्बी सहा आठवड्यांची असताना डोळे आले, कुणा अर्धवट जाणकारानं गरम मोहरीचा लेप लावला आणि दृष्टी गेली, असं ती सांगायची. तिनं आठ हजारांहून जास्त गीतं लिहिली. एका गीताचे डॉलर-दोन डॉलर मिळायचे. पुस्तकभर एकाच बाईचं नाव दिसलं तर बरं दिसणार नाही म्हणून प्रकाशकांनी तिला जवळपास दोनशे टोपणनावं दिली. तिचं एकुलतं एक बाळ पाळण्यातच गेलं. त्याबद्दल ती फार बोलायची नाही. १८६८ साली संगीतकार डोन तिच्या दारात आला, गाडीला चाळीस मिनिटं आहेत म्हणाला, चाल वाजवून दाखवली, आणि अर्ध्या तासात तिनं ‘सेफ इन द आर्म्स ऑफ जीझस’ सांगून लिहवलं. पोटचं लेकरू गेलेल्या किती बायांना आपल्याकडे हेच गीत म्हणून दाखवलं असेल. त्यातल्या एखादीला तरी कळू दे की हे लिहिणारीचाही पाळणा रिकामा झाला होता.

पडद्याचा विषय निघालाच आहे तर इथेच बोलून टाकते. पडदा आंधळ्याला दिसत नाही. मोतीबिंदू झालेल्यालाही नाही. आमच्या बाकावरच्या चार बाया हल्ली नुसतं ओठ हलवतात. फॅनीबाईनं लहानपणी बायबलची पुस्तकंच्या पुस्तकं मुखोद्गत केली होती, कारण तिच्याकडे दुसरा मार्ग नव्हता. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये अंध मुलींसाठी वेगळा विभाग होता आणि रमाबाईंच्या कन्या मनोरमाबाईंनी त्यांच्यासाठी ब्रेल शिकून घेतलं होतं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी, तेही दुष्काळातून उचलून आणलेल्या मुलींसाठी. आपल्याला मोठ्या अक्षरातलं पुस्तक सुचत नाही.

दुसरी तक्रार, सांत्वनाचा विभाग मोडण्याची.

पत्रकात म्हटलं आहे की तरुणांना उदास गीतं नकोत. तरुणांना विचारलं होतं का? माझ्या नातीला विचारलं तर ती म्हणाली, आजी, आम्ही काय रडत नाही का? स्तोत्रसंहितेतली कितीतरी स्तोत्रं नुसती तक्रार आहेत. ८८वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटच्या ओळीतही उजेड येत नाही. ते काढून टाकावं असं अजून कुणाला वाटलेलं नाही.

‘अबाइड विथ मी’ वगळलेल्या गीतांच्या यादीत दिसतं. ब्रिक्सहॅम हे डेव्हनमधलं कोळ्यांचं गाव. तिथले पाळक हेन्री फ्रान्सिस लाइट क्षयानं खंगले होते. १८४७ च्या सप्टेंबरात त्यांनी शेवटचा उपदेश केला, हवापालटासाठी निघाले आणि नोव्हेंबरात आजच्या फ्रान्समधल्या नीस इथे वारले. दिवस मावळतोय, तू थांब, एवढंच मागणं आहे त्या गीतात. मंक यांची चाल तर १८६१ साली, म्हणजे लाइट गेल्यावर चौदा वर्षांनी आली. गांधीजींचं हे आवडतं गीत. २०२२ साली दिल्लीतल्या बीटिंग रिट्रीट या प्रजासत्ताक दिनानंतरच्या लष्करी सोहळ्यातून ते काढलं, तेव्हा आपल्या ग्रुपवर निषेधाचे किती मेसेज फिरले होते आठवा. समितीतल्याही दोघांनी पाठवले होते, माझ्या फोनमध्ये अजून आहेत. दिल्लीनं काढलं तर अन्याय आणि आपण काढलं तर सुधारणा, हे गणित मला सुटत नाही.

तिसरी, शब्द बदलण्याची. नमुन्यादाखल जी पानं वाटलीत त्यात ‘कबर’ गेली आहे, ‘अश्रू’ गेले आहेत, ‘मरणाची नदी’ची ‘जीवनाची वाट’ झाली आहे. वृत्तही मोडलंय, पण ते राहू द्या. मराठीच्या बाईची खोड म्हणून सोडून द्या. मुख्य म्हणजे ज्याचं माणूस कबरीत आहे त्याच्यापुढे तो शब्द लपवून काय मिळणार? तो तिथेच, त्या ढिगाऱ्याशी उभा असतो. भाषा जुनी झाली असेल तर खाली टीप द्या. नवं गीत लिहावंसं वाटत असेल तर जरूर लिहा, आणि खाली तुमचं नाव घाला.

चौथी तक्रार गीतापूर्वी सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींची. ही पत्रकात नाही, पण याच रोगातली आहे. ‘इट इज वेल विथ माय सोल’ची गोष्ट आपल्याकडे वर्षातून दोनदा तरी ऐकायला मिळते. जहाज बुडालं, चार मुली गेल्या, बापानं त्याच जागी उभं राहून गीत लिहिलं, हालेलुया. तीन मिनिटांत समुद्र, शोक आणि विजय.

खरी हकिकत एवढी गुळगुळीत नाही. होरेशियो स्पॅफर्ड हा शिकागोचा वकील. १८७१ च्या आगीत त्याच्या मालमत्तेचं मोठं नुकसान झालं. २२ नोव्हेंबर १८७३ रोजी ‘व्हिल द्यू हाव्र’ हे जहाज ‘लॉख अर्न’ या दुसऱ्या जहाजाला धडकलं आणि काही मिनिटांत अटलांटिकमध्ये बुडालं. ॲनी, मॅगी, बेसी आणि धाकटी टॅनेटा गेल्या. आई ॲना वाचली. तिनं वेल्समधल्या कार्डिफहून नवऱ्याला तार केली. ‘एकटी वाचले’ हे दोन शब्द प्रत्येक उपदेशात येतात. तारेत त्याच्या लगेच पुढे काय आहे ते कुणी सांगत नाही. पुढे आहे: ‘मी काय करू?’

माझ्या मते अख्ख्या गीताचं मूळ त्या तीन शब्दांत आहे, आणि आपण नेमके तेच गाळतो.

गीत त्याला जहाजावर सुचलंही असेल. पण जो कागद जपून राहिला आहे तो शिकागोच्या एका हॉटेलचा आहे. म्हणजे हा माणूस घरी परतल्यावरही त्या ओळी घेऊन बसला होता. त्याला फिलिप ब्लिसनं चाल लावली आणि चालीला बुडालेल्या जहाजाचंच नाव दिलं. नोव्हेंबर १८७६ मध्ये ब्लिसनं ते शिकागोत गायलं. महिनाभरानंतर, २९ डिसेंबरला, ओहायोतल्या ॲशटाब्युलाचा रेल्वेपूल कोसळला आणि ब्लिस आणि त्याची बायको लूसी दोघंही गेली. तो अडतीस वर्षांचा होता. स्पॅफर्डला पुढे मुलगा झाला, तोही १८८० साली तापानं गेला. तेव्हा मंडळीतली माणसं कुजबुजू लागली की या कुटुंबानं असं काय पाप केलं असेल. स्पॅफर्ड नवरा-बायको त्या मंडळीतून बाहेर पडले, १८८१ साली यरुशलेमला गेले, तिथे गोरगरिबांत राहिले. १८८८ साली तो तिथेच वारला.

ही कुजबुज आपण का गाळतो, ते मला ठाऊक आहे. कारण ती आपलीच आहे. माझ्या धाकट्या बहिणीचं बाळ गेलं तेव्हा सांत्वनाला आलेल्या एका बाईनं चहाचा कप खाली ठेवता ठेवता विचारलं होतं, घरात रोज प्रार्थना होत नव्हती का? बहीण आज पन्नाशीची आहे, ते वाक्य तिला अजून तारीखवार आठवतं. तिला स्पॅफर्डचं फक्त गीत पुरलं नसतं. त्यालाही मंडळीनं असंच विचारलं होतं, हे कुणी सांगितलं असतं तर कदाचित पुरलं असतं.

तुम्ही म्हणाल, बाईंना नवं काही नकोच. असं नाही. गिटार, ड्रम, कीबोर्ड, सगळं असू द्या. माझ्या वडिलांची पेटीसुद्धा एकेकाळी परकीच होती. ‘टेक माय हँड, प्रेशस लॉर्ड’ लिहिणारा थॉमस डॉर्सी हा आधी ब्लूजवाला पियानोवादक, ‘जॉर्जिया टॉम’ या नावानं गाजलेला. त्याची ती गाणी चर्चमध्ये चालायची नाहीत, दारातून परत पाठवायचे. ऑगस्ट १९३२ मध्ये तो गायला सेंट लुईसला गेला असताना शिकागोत त्याची बायको नेटी बाळंतपणात गेली. बाळही पाठोपाठ गेलं. काही दिवसांनी पियानोशी बसला तेव्हा जुन्या चालीवर या ओळी आल्या. मी दमलोय, माझा हात धर. मित्रानं एक शब्द बदलायला सुचवला, ‘ब्लेसेड’ऐवजी ‘प्रेशस’, तो त्यानं घेतला. बघा, शब्द बदलता येतो, पण कवी जिवंत असताना, त्याला विचारून. छत्तीस वर्षांनी मार्टिन ल्यूथर किंग यांच्या अंत्यविधीला महालिया जॅक्सन हेच गायली. तेव्हा नव्या चालीशी माझं वैर नाही. आपल्या तरुण संघातल्या एका मुलीनं आजीवर लिहिलेलं गीत मी ऐकलंय, चांगलं आहे. ते नव्या पुस्तकात घ्या. खाली तिचं नाव हवं.

आता मागण्या, सरळ सांगते.

प्रत्येक गीताखाली कवीचं, भाषांतरकाराचं आणि चाल बांधणाऱ्याचं नाव हवं, माहीत असेल तिथे सालासह. पडद्यावर जागा नसेल तर पहिल्या स्लाइडवर नुसतं नाव दाखवा. दोन सेकंद लागतात. पुस्तकाच्या शेवटी कवींचा परिचय असावा, प्रत्येकी चार-पाच ओळी, खरा. दुःख असेल तर दुःख, शंका असेल तर शंका, जे पक्कं ठाऊक नाही ते लिहू नये. हे काम मी विनामोबदला करायला तयार आहे.

सांत्वन आणि दफनविधीचा विभाग त्याच नावानं, वेगळा राहावा. त्यातलं एकही गीत काढायचं तर आधी सभासदांच्या सभेत वाचून दाखवा.

मूळ शब्द बदलू नका.

पुस्तक छापाच, आणि त्याची एक आवृत्ती मोठ्या अक्षरात. ब्रेलमध्ये निदान सांत्वनाची गीतं. खर्च सांगा, महिला मंडळ वर्गणी काढेल, आमचं बोलणं झालं आहे.

ज्यांना जुन्या देशी चाली येतात अशी माणसं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. दोघं तर अंथरुणाला खिळलेली. त्यांच्या घरी जाऊन चाली मोबाईलवर रेकॉर्ड करा. हे काम छपाईसाठी थांबवू नका, या महिन्यातच करा.

आणि शेवटचं. मातीच्या वेळी गीत माणसांनी म्हणावं. बेसूर चालेल. त्यासाठी तरुण संघातल्या सहा-सात जणांना पाच गीतं पाठ करवून द्यायची जबाबदारी माझी. दर शनिवारी संध्याकाळी साडेपाचला माझ्या घरी या, पेटी आहे. ज्याच्या स्पीकरवर जाहिरात लागली होती तो मुलगा गेल्या तीन शनिवारपासून येतोय. एक गीत त्याला पाठ झालंय, दुसऱ्याच्या तिसऱ्या कडव्याशी अडतो.

समितीची पुढची बैठक आहे त्या दिवशी मी येईन. बोलवलं नाही तरी बाहेर बाकावर बसेन. वडिलांचं पुस्तक बरोबर आणणार आहे, ज्यांना बघायचं त्यांनी बघावं. फक्त हात धुऊन, आणि ते माझ्या मांडीवरच राहील. त्यातल्या एका गीताशेजारी मागच्या जूनमध्ये मी पेन्सिलीनं यजमानांचं नाव लिहिलं आहे. ते गीत तुमच्या वगळलेल्या यादीत बाविसाव्या क्रमांकावर आहे.

आपली,
मंडळीची एक सभासद
(निवृत्त शिक्षिका, नगर)